टकरीसाठी आयन कोणता? शिसं, सोनं, युरेनियम आणि मनसरचं मँगनीज

तुम्ही नागपूरला एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहात, सेमिनारला 'जड आयनांच्या टकरी' हा विषय आलाय आणि सरांची अट आहे की टक्कर घडवायला आयन स्वतः निवडा आणि तोच का, ते पटवून द्या. तुमचा प्रश्न असा : अणुकेंद्रक जितकं जड तितका टकरीतून निघणारा गोळा मोठा आणि तापलेला, मग जिनिव्हावाले शिसं आणि ब्रुकहेवनवाले सोनं का धरून बसले? सरळ युरेनियम का नाही? शिवाय जाता जाता विचारलंय की मनसर-गुमगावचं मँगनीज आपल्या दाराशी आहे, त्यात एकच समस्थानिक सापडतो, मग ते का चालू नये?

मँगनीजचं गमतीत विचारलं असेल, पण कामाचा प्रश्न तोच आहे. त्याच्यावर येतो. आधी मूळ प्रश्न जरा फिरवून घेऊ.

'कोणता आयन चांगला' असं विचारलं तर उत्तर निघत नाही. 'कशाची कशाशी तुलना करायची आहे' असं विचारलं की निघतं. शिसं-शिसं टकरीत जेट (कणांचे अरुंद झोत) मंदावलेले दिसले, कणांचा प्रवाह एका दिशेला जास्त दिसला, तरी एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तेवढ्याच ऊर्जेच्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरी शेजारी ठेवल्या, प्रोटॉन-शिसं ठेवलं, मगच कळतं की यातलं किती क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मामुळे (प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून झालेल्या तप्त द्रव्यामुळे) आणि किती त्याच्याशिवायही झालं असतं. म्हणून प्रत्यक्षात कुणी एकटा आयन निवडत नाही, जोडी किंवा मालिका निवडतात. तुमच्या सेमिनारचा पहिला मुद्दा हाच ठेवा.

आता आकार. अणुकेंद्रकाची त्रिज्या ढोबळमानानं १.२ फेम्टोमीटर गुणिले वस्तुमानांकाचं घनमूळ. शिसं-२०८ साठी ७.१ फेम्टोमीटर येते, युरेनियम-२३८ साठी ७.४. म्हणजे सगळी यातायात करून युरेनियम आणलं तर त्रिज्येत मिळकत साडेचार टक्क्यांच्या आसपास. घनमूळ हा असा कंजूष प्रकार आहे. वरच्या टोकाला आकार वाढवून फारसं काही हाती लागत नाही, खाली उतरलं की मात्र चित्र झपाट्यानं बदलतं. ऑक्सिजन-१६ ची त्रिज्या याच सूत्रानं ३ फेम्टोमीटर. सूत्र हलक्या केंद्रकांना काटेकोर लागू पडत नाही, पण अंदाजाला पुरे. एलएचसीवर, म्हणजे जिनिव्हाच्या सर्न संस्थेच्या टक्कर-रिंगमध्ये, ५.०२ टीईव्हीला (टीईव्ही हे ऊर्जेचं एकक) शिसं-शिसं टकरींतल्या सर्वांत मध्यवर्ती ५ टक्क्यांत मधल्या पट्ट्यात एकक स्यूडोरॅपिडिटीमागे (कण निघण्याच्या कोनाचं माप) सुमारे १९४० भारित कण मोजले गेले. झेनॉन-झेनॉनमध्ये ५.४४ टीईव्हीला तोच आकडा ११७० च्या जवळ आहे.

इथं सर हमखास एक शंका काढतील. छोटी यंत्रणाच हवी तर शिशाच्याच कडेच्या टकरी घ्या, नवा आयन कशाला? उत्तर असं, की कडेला घासून झालेल्या टकरीत कण कमी निघतात खरे, पण दोन केंद्रकांचा एकमेकांवर आलेला भाग बदामासारखा लांबट असतो. ऑक्सिजन-ऑक्सिजनच्या समोरासमोरच्या टकरीत तेवढेच कण निघतील, पण भाग बराचसा गोल. आकारमान सारखं, भूमिती वेगळी. दुसरं असं, की कडेच्या टकरी आपण निघालेल्या कणांच्या संख्येवरून ओळखतो, आणि ती निवडच निकाल थोडा वाकवते. जेट मंदावलाय की आपण मंद जेटवाल्याच टकरी उचलल्या, हे सांगणं कठीण होतं. ऑक्सिजनच्या सगळ्या टकरी सरसकट घेतल्या तर ही भानगड राहत नाही, कारण मग प्रोटॉन-प्रोटॉनशी तुलना करताना भागायचा आकडा नुसता १६ चा वर्ग, म्हणजे २५६.

आकारमानानंतर घडण. शिसं-२०८ मध्ये ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, दोन्ही 'मॅजिक' आकडे (केंद्रकातले थर पूर्ण भरणारे), म्हणून केंद्रक जवळजवळ गोल. सैद्धांतिक गणित करणाऱ्यांना याच्याइतकं सोयीचं जड केंद्रक दुसरं नाही. युरेनियम-२३८ चांगलंच लांबट आहे. त्यामुळे दोन केंद्रकं टोकाला टोक लावून आपटतात की आडवी, यावर सगळं बदलतं, आणि ते आपल्या हातात नसतं. बीममधली केंद्रकं वाटेल तशा दिशांना तोंड करून येतात, निवड नंतर आकडेवारीतूनच करावी लागते. २०१२ मध्ये ब्रुकहेवनच्या आरएचआयसी या टक्कर-रिंगमध्ये युरेनियम-युरेनियम रन झाला तो याच भूमितीसाठी. जास्त जड म्हणून नव्हे, वाकडं म्हणून युरेनियम घेतलं. तुमच्या 'युरेनियम का नाही' या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे : प्रश्न आकाराच्या घडणीचा असेल तर घ्या, नुसत्या मोठेपणासाठी घेऊ नका.

जुलै २०२५ मध्ये एलएचसीवर ऑक्सिजन-ऑक्सिजन आणि पाठोपाठ निऑन-निऑन टकरी झाल्या. निऑन-२० मध्ये ऑक्सिजनपेक्षा फक्त चार न्यूक्लिऑन (प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून) जास्त, पण ते लांबोडकं. आकारमान जवळपास तेच आणि घडण वेगळी, म्हणजे बाकीच्या बऱ्याच अनिश्चितता भागाकारात आपोआप कटतात. मला विचाराल तर निवड करायची ती अशी.

तिसरी गोष्ट विद्युतभार. याचं आदर्श उदाहरण आरएचआयसीचा २०१८ चा आयसोबार रन : रुथेनियम-९६ आणि झिर्कोनियम-९६. वस्तुमानांक एकच, प्रोटॉन ४४ आणि ४०. टकरीच्या क्षणी तयार होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा वर्ग रुथेनियममध्ये जास्त असणार. भारांच्या वर्गाचं गुणोत्तर १.२१ येतं, केंद्रकातल्या भाराची प्रत्यक्ष मांडणी धरली की थोडं कमी. कायरल मॅग्नेटिक इफेक्ट नावाचा परिणाम (त्या चुंबकीय क्षेत्रामुळे धन आणि ऋण भार वेगळे होणं) खरा असेल तर तो रुथेनियममध्ये ठळक दिसायला हवा होता. विश्लेषण आंधळ्या पद्धतीनं झालं, म्हणजे कोणता डेटा कोणत्या आयनाचा हे विश्लेषकांना आधी कळू दिलं नाही. २०२१ मध्ये निकाल आला आणि आधी ठरवलेल्या कसोट्यांवर तो परिणाम दिसला नाही. उलट दोन्ही आयनांतून निघणाऱ्या कणांच्या संख्येतच काही टक्क्यांचा फरक निघाला, कारण वस्तुमान सारखं असलं तरी दोघांची घडण आणि न्यूट्रॉनची बाहेरची साय वेगळी. 'बाकी सगळं सारखं' असं गृहीत धरून जोडी निवडताना नेमकं काय चुकू शकतं, ते याच्यात लख्ख दिसतं.

आता फिजिक्स बाजूला ठेवा, रिंगकडे वळा. बहुतेक निवडी शेवटी इथंच होतात.

पहिलं ऊर्जेचं. रिंगचे मॅग्नेट ठरलेले, म्हणून प्रत्येक न्यूक्लिऑनला मिळणारी ऊर्जा म्हणजे प्रोटॉनची ऊर्जा गुणिले प्रोटॉनसंख्या भागिले वस्तुमानांक. एलएचसीवर प्रोटॉन ६.८ टीईव्ही. शिशाला ८२ भागिले २०८, म्हणजे २.६८ टीईव्ही, आणि दोन्हीकडून धरून ५.३६. युरेनियमला ५.२६, म्हणजे वजन वाढलं आणि ऊर्जा उलट किंचित घटली. ऑक्सिजनला गुणोत्तर अर्धं, म्हणून ६.८ पर्यंत जाता येतं. तरी २०२५ चा रन ५.३६ वरच घेतला, कारण शिशाचा डेटा त्याच ऊर्जेचा होता आणि प्रोटॉन-प्रोटॉनचा संदर्भ रनही २०२४ मध्ये त्याच ऊर्जेला घेतलेला होता. जास्त ऊर्जा मिळत असताना सोडून दिली, ती तुलनेसाठी.

दुसरं नुकसानीचं. हे नीट आकड्यांत बघा, कारण पुस्तकांत हा भाग दोन ओळींत उरकतात. दोन शिशाची केंद्रकं एकमेकांना न शिवता जवळून गेली तरी त्यांच्या प्रचंड विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते, आणि कधी कधी त्यातला इलेक्ट्रॉन केंद्रकालाच चिकटतो. ८२ भाराचा आयन ८१ चा होतो. त्याचं वळण १.२ टक्क्यांनी सैल पडतं आणि तो टकरीच्या जागेपासून पुढे ठराविक ठिकाणी पाइपच्या भिंतीवर जाऊन आदळतो. या प्रक्रियेचा क्रॉस-सेक्शन (ती घडण्याच्या शक्यतेचं माप, एकक बार्न) एलएचसीच्या ऊर्जेला सुमारे २८० बार्न. विद्युतचुंबकीय धक्क्यानं केंद्रक फुटण्याचा आणखी सव्वादोनशेच्या आसपास. आणि आपल्याला हवी असलेली खरी टक्कर? जेमतेम ८ बार्न. म्हणजे टकरीच्या जागी खर्च होणाऱ्या साठ-पासष्ट आयनांपैकी एकच आपल्या कामी येतो.

ल्युमिनॉसिटी (टकरींचा दर ठरवणारी बीमची दाटी) १० चा २७ वा घात प्रति चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद धरा. एक बार्न म्हणजे १० चा उणे २४ वा घात चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की दर सेकंदाला २ लाख ८० हजार आयन इलेक्ट्रॉन घेऊन बाहेर पडतात. प्रत्येकाची ऊर्जा ८२ गुणिले ६.८, म्हणजे ५५८ टीईव्ही, ज्यूलमध्ये सुमारे ०.००००९. झाले २५ वॅट. एका बारक्या बल्बाएवढे. पण हे २५ वॅट १.९ केल्विनला ठेवलेल्या सुपरकंडक्टिंग मॅग्नेटमध्ये एकाच जागी पडतात. ल्युमिनॉसिटी सहापट केली की १५० वॅट, आणि मग कॉइल क्वेंच होते : तिचा रोध अचानक परत येतो, बीम फेकून द्यावा लागतो, पुन्हा थंड होईपर्यंत काम ठप्प. २०१५ मध्ये एलएचसीवर मुद्दाम असा क्वेंच घडवून मर्यादा कुठे आहे ते पाहिलं. उपाय दोन : बीमची वाट किंचित वाकवून हे भरकटलेले आयन मॅग्नेटऐवजी दोन मॅग्नेटांमधल्या जोड-क्रायोस्टॅटवर पाडायचे, किंवा जिथं तेवढ्यानं भागत नाही तिथं खास कॉलिमेटर (भरकटलेले कण अडवणारा ठोकळा) बसवायचा. अॅलिस प्रयोगाच्या दोन्ही बाजूंना असे कॉलिमेटर बसवले आहेत.

आता खरा मुद्दा. हा क्रॉस-सेक्शन प्रोटॉनसंख्येच्या सातव्या घातानं वाढतो. सातव्या! युरेनियम घेतलं तर ९२ भागिले ८२ चा सातवा घात, म्हणजे सव्वादोनपट. साडेचार टक्के त्रिज्येसाठी सव्वादोनपट नुकसान, वर केंद्रक फुटण्याचं प्रमाणही जास्त. झेनॉन घेतलं तर तेच नुकसान शिशाच्या एकोणिसाव्या हिश्शावर येतं. म्हणून दुर्मिळ कण शोधायचे असतील तर हलक्या आयनांचा विचार सुरू होतो. एका टकरीतल्या न्यूक्लिऑन-जोड्या वस्तुमानांकाच्या वर्गानं घटतात खऱ्या, पण नुकसान त्याहून कितीतरी वेगानं घटतं. साहजिकच बीम जास्त दाट करता येतो. किती दाट, हे इंजेक्टर किती आयन देऊ शकतात आणि बंचमधले (बीमच्या एकेका पुंजक्यातले) आयन एकमेकांना किती विखुरतात यावर अवलंबून आहे. ते विखुरणं प्रोटॉनसंख्येचा चौथा घात भागिले वस्तुमानांकाचा वर्ग अशा पटीत जातं, म्हणजे तिथंही हलका आयनच सोयीचा.

हलक्यांचीही एक खोड आहे. ऑक्सिजन फुटला की त्यातून हेलियम-४, कार्बन-१२, नायट्रोजन-१४ असे तुकडे निघतात आणि या सगळ्यांचं भार-वस्तुमान गुणोत्तर ऑक्सिजनसारखंच, अर्धं. मॅग्नेटला ते जवळपास सारखेच दिसतात. म्हणून काही तुकडे बाहेर न पडता रिंगमध्ये फिरत राहतात आणि तासागणिक बीम भेसळीचा होत जातो. फिल (रिंगमध्ये एकदा भरलेला बीम) लांबवली तर शेवटच्या तासांतल्या काही टकरी ऑक्सिजन-हेलियमच्या असू शकतात. शिशाला हा त्रास नाही, त्याचे तुकडे लगेच वाट सोडतात.

सोर्सचा भाग थोडक्यात. आयन सोर्समधून भरपूर आणि स्थिर यायला हवा, एवढीच मागणी, पण ती भल्याभल्यांना बाद करते. सर्नमध्ये शिसं छोट्या ओव्हनमध्ये तापवून त्याची वाफ ईसीआर सोर्सच्या (मायक्रोवेव्हनं प्लाझ्मा तापवून आयन बनवणाऱ्या यंत्राच्या) प्लाझ्मात सोडतात. खप तासाला काही मिलिग्रॅम. सोर्समधून २९ भाराचे आयन निवडतात, कार्बनच्या पातळ फॉइलमधून ५४ चे करतात आणि पीएसमधून एसपीएसकडे (एलएचसीच्या आधीच्या दोन रिंग) जाताना आणखी एका फॉइलमधून पूर्ण ८२ चे. दर पायरीला काही आयन चुकीच्या भाराचे निघतात आणि वाया जातात. नैसर्गिक शिशात २०८ चा वाटा ५२ टक्के, म्हणून शुद्ध केलेला समस्थानिक वापरतात. रुथेनियम-९६ नैसर्गिक साठ्यात साडेपाच टक्के, झिर्कोनियम-९६ तीनहून कमी, म्हणजे आयसोबार रनची खरी किंमत समस्थानिक वेगळे करण्यात होती. ऑक्सिजन सगळ्यात सोपा : शिशाच्या सोर्समध्ये प्लाझ्मा टिकवायला तो आधीपासूनच सोडलेला असतो.

सोन्याचं गुपितही इथंच आहे. आरएचआयसी २००० मध्ये सुरू झाली तेव्हा तिची पहिली पायरी टँडेम व्हॅन डी ग्राफ (उच्च विद्युतदाबावर आयनांना वेग देणारं यंत्र) होती. टँडेमला आधी ऋण आयन लागतो. सोनं ऋण आयन सहज देतं आणि त्याचा स्थिर समस्थानिक एकच, १९७. निष्क्रिय वायू ऋण आयन देतच नाहीत, आणि युरेनियम पुरेशा प्रमाणात त्या वाटेनं येत नव्हतं. ईबीआयएस नावाचा नवा सोर्स आल्यावर २०१२ चा युरेनियम रन जमला. दिल्लीच्या आययूएसी केंद्राचं किंवा मुंबईचं पेलेट्रॉन (हेही टँडेमच) वापरायची संधी मिळाली तर हाच नियम भेटेल : सिझियम स्पटर सोर्समधून जे ऋण होऊन येतं तेच पुढे जातं.

आणि म्हणून मँगनीज. जमेच्या बाजू खऱ्या आहेत : समस्थानिक एकच, ५५. शिशाच्या तुलनेत इलेक्ट्रॉन चिकटण्याचं नुकसान सुमारे चार हजारांवा हिस्सा. एलएचसीवर ऊर्जा ६.१८ टीईव्हीपर्यंत. पण मँगनीजचा अणू स्थिर ऋण आयन देत नाही. टँडेममध्ये घालायचं तर ऑक्साइड किंवा हायड्राइडचा ऋण रेणू करून टर्मिनलवर (यंत्राच्या मधोमध) तो फोडावा लागतो, आणि करंट मार खातो. ईसीआरमध्ये ओव्हननं जमेल, फक्त शिशापेक्षा जास्त तापवावं लागेल. म्हणजे यंत्राच्या बाजूनं ते बाद होत नाही. बाद होतं ते तुलनेत. त्रिज्या ४.६ फेम्टोमीटर, तांब्याच्या जवळपास, आणि तांबं-तांबं टकरी आरएचआयसीमध्ये २००५ लाच झाल्या. प्रोटॉन २५, विषम, त्यामुळे केंद्रकाची घडण सांगणारं गणित अवघड. नवी भूमिती नाही आणि घडण सांगणारा सिद्धांत कच्चा, मग मोजलेल्या फरकाचा अर्थ लावायचा कसा? खाण जवळ असण्याचा तर उपयोगच नाही. तासाला मिलिग्रॅम लागणाऱ्या कामाला मनसरचा एक खडा जन्मभर पुरेल.

दोन वेगळे आयन आपटायचे असतील तर रिंगची बांधणी बघा. एलएचसीमध्ये दोन्ही बीम एकाच मॅग्नेटच्या दोन नळ्यांतून जातात, म्हणून प्रोटॉन-शिसं टकरीत प्रत्येकाची ऊर्जा आपापल्या गुणोत्तरानं ठरते आणि सगळी टक्कर रॅपिडिटीत (बीमच्या दिशेतल्या वेगाचं माप) ०.४६५ नं एका बाजूला सरकते. आरएचआयसीच्या दोन रिंग स्वतंत्र होत्या, त्यामुळे तांबं-सोनं, हेलियम-३ आणि सोनं असे प्रकार तिथं सोपे गेले.

तुमच्यासाठी माझी सूचना आर्गॉन-४० आणि कॅल्शियम-४० या जोडीची. वस्तुमानांक एकच, प्रोटॉन १८ आणि २०, भारांच्या वर्गाचं गुणोत्तर १.२३, म्हणजे रुथेनियम-झिर्कोनियमपेक्षा थोडं जास्तच. दोन्ही निसर्गात ९६ टक्क्यांहून शुद्ध. कॅल्शियम दोन्ही बाजूंनी मॅजिक, आर्गॉन नाही. आर्गॉन वायू असल्यामुळे सोर्सला सोपा, आणि २०१५ मध्ये सर्नच्या एसपीएसमधून त्याचा बीम देऊनही झालाय. कॅल्शियमला ओव्हन लागेल. मात्र एवढ्या छोट्या यंत्रणेत कण कमी, पार्श्वभूमी मोठी, म्हणून चुंबकीय परिणाम शोधायला ही जोडी मांडू नका. घडणीच्या तुलनेसाठी मांडा. भेसळीचा प्रश्नही स्वतंत्र लिहा : कॅल्शियमचं गुणोत्तर अर्धं, म्हणून ऑक्सिजनची खोड त्याला लागणार. आर्गॉनचं ०.४५, त्याला नाही. आणि ऊर्जा जुळवायला विसरू नका. पूर्ण मॅग्नेटवर आर्गॉन ६.१२ टीईव्ही देईल आणि कॅल्शियम ६.८, तेव्हा कॅल्शियमच्या वेळी मॅग्नेटचं क्षेत्र ९० टक्क्यांवर ठेवावं लागेल, आणि प्रोटॉनचा संदर्भ रनही ६.१२ लाच मागावा लागेल.